रकाबी उभी ठेवायची

खाला कोणाकडे चहाला गेली की स्वतःचा कप घेऊन जायची. कप आणि बशी. सायीच्या रंगाची चिनी माती, तिच्यावर निळी वेल, काठाला सोनेरी रेघ. मऊ फडक्यात गुंडाळून, वर रुमालाची गाठ मारून ती हा ऐवज पोटाशी धरून आणायची, ओसरीवर बसायची, सावकाश गाठ सोडायची आणि घरच्या बाईसमोर कप ठेवून म्हणायची, "यात दे." मूल गावातल्या आमच्या गल्लीत नवी आलेली सून असली तर गोंधळून सासूकडे बघायची. जुन्या बाया मात्र मान खाली घालून चहा ओतायच्या. कप का आणला, हे तिला कोणी विचारत नसे. त्याचं कारण प्रत्येकीच्या ओसरीतल्या कोनाड्यात पालथं घातलेलं होतं.

आमच्याही होतं. कान तुटलेला एक पांढरा कप. झाडूवाली सुमन, जंगलाकडून चारोळी घेऊन येणारी मैनाबाई आणि आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी खाला, यांच्यासाठी तो वेगळा ठेवलेला. पिऊन झालं की ज्याने त्याने विसळायचा आणि कोनाड्यात परत पालथा घालायचा. माझी आई दुष्ट नव्हती. गल्लीत कोणाचं पोर आजारी पडलं तर पहिली धावणारी तीच. पण मिठाची बरणी कुठे ठेवायची हे जसं तिला सासूने सांगितलं, तसंच कपाचंही सांगितलं होतं, आणि दोन्ही तिने सारख्याच निष्ठेने पाळलं. खालाने लग्न होऊन आल्यावर एकदाच त्या कपातून चहा घेतला. विसळला, पालथा घातला, घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली ती निळी वेल घेऊन.

"हे काय वो खाला?" आईने विचारलं.

"तुह्या कपाले त्रास काऊन द्याचा बाई?" खाला म्हणाली. "एकटा तो, अन् पेणारे आमी इतके. थकला असन बिचारा."

ही गोष्ट माझ्या जन्माच्या आधीची. मला कळायला लागलं तेव्हा नव्वदचं दशक उजाडलं होतं, घरोघरी टीव्ही आले होते, आणि खाला अजून कप घेऊनच येत होती. आई चहा ओतताना कपाला किटली लागू देत नसे. खाला ते बघायची आणि मुद्दाम कप थोडा वर उचलायची. आई किटली आणखी वर न्यायची. दोघींचा हा खेळ रोज चालायचा, आणि त्यात दोघी एकमेकींना गल्लीतल्या सगळ्या खबरी सांगायच्या. मला दोघींचाही राग यायचा. आईचा जास्त.

खालाचा धंदा बांगड्यांचा. नवऱ्याचं बाजारात लहानसं दुकान होतं; तो वारला तसं तिने दुकान घरातच आणलं. विधवेच्या हातून बांगड्या कशा भरायच्या, अशी कुजबुज गल्लीत झाली. खालाच्या कानावर गेली तेव्हा तिने दारात उभं राहून, पलीकडच्या घरालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "नवरा माहा मेला, बांगड्या नाई मेल्या. ज्यायले पायजे त्यायनं या." सगळ्या आल्या, कारण तिच्यासारखा हात कोणाचा नव्हता. पंजा दाबून, बोटं जुळवून, गप्पांत गुंतवून ती सर्वांत लहान मापाची बांगडी मनगटावर चढवायची. दुखायचंही नाही आणि तडकायचंही नाही. सणाच्या आदल्या दिवशी अर्धी गल्ली तिच्यापुढे हात पसरून बसलेली असे. एकदा आईच्या हातात हिरवा चुडा भरता भरता ती मिस्कीलपणे म्हणाली, "पाह्य बाई, हात धरू देतेस, कप नाई धरू देत. तुया हात जास्त बाटते का कप?" आई चुड्याकडे बघत राहिली. तिचा हात अजून खालाच्या हातातच होता.

त्या कपाबशीचा बाकी गोतावळा खालाच्या आतल्या खोलीत सागवानी पेटीत होता. रकाब्या म्हणजे पसरट ताटल्या, वाडगे, झाकणाचं मोठं भांडं, कप, बशा. खालाच्या आजीच्या लग्नात तो गोदावरीच्या पलीकडून नावेने सिरोंच्याला आणि तिथून जंगलातल्या वाटेने बैलगाडीत आला. गाडी नाल्यात कलंडली, आजीच्या बहिणीचा हात मोडला, पण पेटीतली एकही बशी तडकली नाही, हे खाला इतक्या अभिमानाने सांगायची की त्या बहिणीचं पुढे काय झालं ते विचारायचं राहूनच जायचं. आजीकडून आईकडे, आईकडून एकुलत्या एक लेकीकडे असा तो सेट मूलला पोचला. पुढे कुठे जायचं हा प्रश्न होता. खालाला मूलबाळ नव्हतं.

हा सेट सांभाळणं म्हणजे खालाच्या घरातलं एक व्रत होतं. उन्हाळा तापला की ती पेटी उघडायची. आत धानाचा भुसा. आमच्या भागात राईस मिल पावलोपावली, भुशाला तोटा नाही. पण खाला मिलवरचा भुसा जसाच्या तसा कधी घ्यायची नाही. आधी चाळायचा, मग अंगणात कडक उन्हात वाळवायचा. चाळायचा अशासाठी की त्यात तांदळाची कणी राहिली तर उंदीर येतात. तिच्या नणंदेने एकदा न चाळलेल्या भुशात काचेचे ग्लास भरून ठेवले होते. कणीसाठी उंदरांनी रात्रंदिवस अशी उकरपाकर केली की ग्लासांचा चुराडा झाला. "गिलास उंदरानं नाई फोडले," खाला म्हणायची, "तिच्या आळसानं फोडले." पेटीच्या पायांखाली विटा, विटांभोवती राख, उधई चढू नये म्हणून. वर्तमानपत्राचा कागद तर पेटीच्या जवळपासही नको, कारण शाई लागते. आणि भुसा सोनेरी रेघेला घासतो, म्हणून प्रत्येक भांडं आधी जुन्या सुती कापडात गुंडाळायचं.

हे कापड कुठून यायचं? आमच्या घरून. धुऊन धुऊन मऊ झालेली आईची लुगडी आई तिला द्यायची आणि त्या बदल्यात खाला बांगड्या भरायची. म्हणजे खालाच्या पेटीतलं प्रत्येक ताट आईच्या पदरात झोपलेलं होतं, आणि त्याच ताटात आईने कधी घास खाल्ला नव्हता. मी हे एकदा आईला बोलून दाखवलं. तिने माझ्या हातात विळी देऊन कांदे चिरायला बसवलं.

झोपलेलं म्हटलं, पण हा शब्द खालाला चालला नसता. रकाबी तिने कधी आडवी ठेवली नाही. पेटीत सगळ्या रकाब्या काठावर उभ्या, एकमेकींना न टेकता, मधे भुशाची भिंत. मी कॉलेजात जायला लागल्यावर तिने मला पेटी भरायला बसवायला सुरुवात केली. पहिल्याच खेपेला मी चार रकाब्यांची चळत लावली. तिने सगळी परत काढायला लावली.

"उभी ठेव," ती म्हणाली. "उभ्या रकाबीवर फक्त तिचंच वजन असते. एकीवर एक झोपवली का खालची मरते. अन् मरते बी चूपचाप. वरून काई दिसत नाई."

मी म्हटलं, "खाला, तू भांड्यांबद्दल बोलून राह्यली का माणसांबद्दल?"

"मी रकाबीबद्दल बोलून राह्यली. तुले शिकवलं म्हणून लय हुशारी नोको करू. भुसा टाक."

इतका जिवापाड जपलेला सेट ती काय जपूनच ठेवायची? मुळीच नाही. दर मिठ्या ईदला पेटी रिकामी व्हायची आणि अख्खी गल्ली त्या भांड्यांत शीरखुर्मा खायची. सुमन, मैनाबाई, भुसा बाजूला काढून ठेवणारा मिलवरचा हमाल लहानू, शाळेचे मास्तर, नगरपरिषदेचे एक सभासद, सगळे एका सतरंजीवर. एका ईदला त्या सभासदांनी सुमनच्या हातातला वाडगा बघून खालाला हळूच सुचवलं की इतकी भारी भांडी सगळ्यांसाठी काढू नये, खास पाहुण्यांसाठी ठेवावी. खालाने त्यांच्या वाडग्यात आणखी एक पळी ओतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "पाहुण्यायसाठीच काढली साहेब. पाहुणा कोन ते माह्या घरी मी पाहीन." सभासदांनी मुकाट्याने वाडगा संपवला. आईचा मात्र दर ईदला उपास निघायचा. वार कोणताही असो. "तुह्या आईचे देव लय," खाला मला म्हणायची, "बरोबर ईदले जागे होतेत."

सेटवर डोळा होता तो खालाच्या पुतण्याचा, सलीमचा. नवऱ्याच्या भावाचा हा मुलगा चंद्रपूरला कोळसा खाणीच्या कामांची ठेकेदारी करायचा. मनाने वाईट नव्हता. काकीला सणाला साडी आणायचा, दुखलं खुपलं तर गाडी पाठवायचा. पण खाणीजवळच्या वस्तीत त्याने नवं घर बांधलं, बैठकीत भिंतभर काचेचा शोकेस केला, आत छोटे दिवे लावले, आणि मग त्या दिव्यांखाली ठेवायला त्याला सेट दिसू लागला. "काकी, हा घराण्याचा वारसा आहे, घराण्यात राह्यला पायजे," तो म्हणायचा. "कोनत्या घराण्याचा?" खाला विचारायची. "माह्या आजीचा हाये, तुह्या आजाचा नाई." तो हसायचा आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच म्हणायचा. गल्लीतही सगळे धरून चालले होते की आज ना उद्या सेट चंद्रपूरलाच जाणार. नाहीतर जाणार कुठे?

सलीमच्या मुलीची मंगनी ठरली तेव्हा त्याने अर्धा सेट मागितला आणि खालाने दिला. "कार्य हाये, भांड्यायनं गेलं पायजे," एवढंच म्हणाली. स्वतः भरून दिला, रकाबी उभी ठेवायची हे त्याच्या बायकोला दोनदा बजावलं. मंगनी झाली, पाऊस सुरू झाला, पाऊस संपत आला, तरी भांडी आली नाहीत. निरोप पाठवला की "आणतो" असा निरोप यायचा. माझं चंद्रपूरला काम निघालं त्या दिवशी खाला रिकामी टोपली आणि जुनी लुगडी घेऊन एसटीत माझ्या शेजारी येऊन बसली.

सलीमकडे जेवण झालं, लाड झाले. शोकेस खरंच झगमगत होता. आत रकाब्या आडव्या, चळत लावलेल्या, आणि त्यांच्यावर कपांचा मनोरा. खाला खुर्ची शोकेससमोर ओढून बसली. दुपारी बाहेर भोंगा वाजला, आणि थोड्या वेळाने जमिनीतून एक धक्का आला. खिडक्या थरथरल्या. शोकेसमधले कप एकमेकांवर किणकिणले आणि चळत केसभर पुढे सरकली. मी दचकून उभी राहिले. घरातल्या कोणी मानसुद्धा वर केली नाही. सलीमची बायको पान लावत होती, तिचा चुना लावणारा हातही थांबला नाही.

"हे काय होय?" खालाने विचारलं.

"खाणीतली ब्लास्टिंग," सलीम म्हणाला. "रोजचीच हाये काकी. सवय होते."

"तुमाले होते," खाला म्हणाली. "बशीले नाई होत."

तिने उठून शोकेस उघडला. वरचे कप उतरवले, रकाब्या एकेक करून काढल्या. तळातल्या रकाबीला काठापासून काठापर्यंत तडा गेलेला होता. तिच्या वरचीचे तर दोन तुकडे झालेले, ते कोणीतरी चिकटवून परत चळतीत सरकवले होते. वरून खरंच काही दिसत नव्हतं. सलीमची बायको रडायला लागली. सलीम म्हणाला, "काकी, दोनच तर गेल्या. बाकीच्या राहू दे, मी खाली फोम लावतो." खालाने टोपली पुढे ओढली. ती माझ्या हातात एकेक रकाबी देत गेली आणि मी लुगड्यात गुंडाळत गेले. फुटलेलीसुद्धा तिने गुंडाळायला लावली. परतीच्या एसटीत अर्धी भांडी तिच्या मांडीवर, अर्धी माझ्या. रस्ता खड्ड्यांचा. प्रत्येक खड्ड्याला ती आसनावरून थोडी वर उठायची, म्हणजे हादरा तिच्या पायांत जिरावा. साठी ओलांडलेली बाई मूलपर्यंत अशी उठत-बसत आली. त्या प्रवासात ती एकदाच बोलली. "मी मेली का हे सगळं तिथीच जाईन. रोज दुपारी भोंगा वाजन, अन् रोज थोडं थोडं मरन." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला ते बघवत नव्हतं.

त्यानंतर दोनएक वर्षांत तिची तब्येत ढासळली. छातीत दुखायचं, दम लागायचा. सलीम तिला चंद्रपूरला न्यायला निघाला होता, आणि ती ईद झाल्यावर येते म्हणाली होती. त्या वर्षी ईद हिवाळ्याच्या तोंडावर आली. नवं धान मिलवर येत होतं. लहानूने पोतंभर ताजा भुसा आणून टाकला, खालाने तो चाळून, वाळवून, कापडी पिशव्यांत भरून भिंतीशी मांडून ठेवला. मला वाटलं, प्रवासाची तयारी.

शीरखुर्मा झाला. सुमन नेहमीप्रमाणे वाडगा धुवायला उठली तेव्हा खाला म्हणाली, "धू, अन् घरी घेऊन जा. तुया झाला." सुमनला कळलंच नाही. मग खालाने सगळ्यांनाच सांगितलं. ज्याने ज्यात खाल्लं ते त्याचं, सोबत एक पिशवी भुसा आणि आईच्या लुगड्याचा एक तुकडा. "पन एक शर्त हाये. दारात जो येईन, त्याले यात द्याचं. कोनी बी असो. नाई जमत असन तं आत्ताच इथी ठेवून जा, मले राग नाई." दोघातिघांनी ठेवली, आणि ती भांडी लगेच दुसऱ्यांना गेली. मैनाबाईने मोठी रकाबी डोक्यावरच्या टोपलीत उभी खोचली. झाकणाचं भांडं लहानूने घेतलं, आणि त्या धिप्पाड माणसाने ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं.

सलीम उठून उभा राहिला. "काकी, सेट फोडला तू! पिढ्यांचा सेट!"

"तुह्या घरी फुटला असता," खाला म्हणाली. "माह्या हातानं वाटला. वाटलेल्यात कोनीतरी जेवते बाप्पा." मग तिने पेटीत हात घालून ती तडा गेलेली रकाबी काढली आणि त्याच्या हातात दिली. "हे तुही. हिले तुह्या घरची सवय हाये." मग सलीमच आधी हसला, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. रकाबी त्याने घेतली. भुशाची पिशवीही घेतली.

राहिला होता तो खालाचा फिरता कप. दुसऱ्या दिवशी ती आमच्याकडे आली. गाठ सोडली, आईसमोर कप ठेवला, आईने वरून चहा ओतला. पिऊन झाल्यावर खालाने तो रोजच्यासारखा पुसून गुंडाळला नाही. रुमालावर तसाच ठेवला आणि भिंतीला धरून उठली. "हा तुले. कोनाड्यात ठेव का आत ठेव, तू पाह्य. मी आता इचाराले येत नाई." खाला गेल्यावर आईने कप धुतला, आणि तो हातात घेऊन ओसरी आणि स्वयंपाकघराच्या मधल्या दारात बराच वेळ उभी राहिली. शेवटी तिने तो रुमालात बांधून त्या दारालगतच्या खिडकीत ठेवला. ना आत, ना बाहेर. खाला सलीमबरोबर चंद्रपूरला गेली, तरी महिनोन् महिने तो तिथेच राहिला. मी त्यावरून तिला टोचून बोलायचे, आणि ती मला कांदे चिरायला बसवायची.

उन्हाळा लागल्यावर चंद्रपूरहून खाला वारल्याची बातमी आली. दुपारी सुमन आमच्या ओसरीवर येऊन बसली आणि हुंदके देऊन रडू लागली. आई आत गेली. चहाचा वास आला. सवयीने सुमनचा हात कोनाड्याकडे गेला आणि तिने तो कान तुटका कप पुढे धरला. आई बाहेर आली ती निळी वेल घेऊन. चहा आधीच ओतलेला होता. तिने सुमनच्या हातातला पांढरा कप काढून घेतला आणि तिथे तो ठेवला. दोघींची बोटं एकमेकींना लागली. सुमन रडत रडत चहा प्याली, आणि मग नेहमीप्रमाणे विसळायला नळाकडे निघाली.

"राहू दे," आई म्हणाली. "असा कसाबी नाई धुवत तो. सोनेरी रेघ जाते. खालानं मले सांगतलं हाये. आन इकडं."

तिने सुमनचा उष्टा कप हातात घेतला, घमेल्याच्या तळाशी मऊ फडकं अंथरलं, थंड पाणी ओतलं आणि तो दोन्ही हातांनी धुतला. मग पुसला, आत नेला आणि आमच्या रोजच्या कपांशेजारी फळीवर ठेवला.